नेट न्यूट्रॅलिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि एक यादी

या विषयावर बोलायला लागलं की तेच ते प्रश्न येतात. व्याख्यानानंतर येतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांकडूनही येतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. माझं मत कुठे आहे ते लपवलेलं नाही.

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय? एका वाक्यात सांगा.

डेटाचे पैसे तुम्ही भरलेत, तर तो कुठे खर्च करायचा हे तुम्ही ठरवायचं, मोबाइल कंपनीने नाही.

आणखी चार वाक्यं चालणार असतील तर एसटी डोळ्यांसमोर आणा. कंडक्टर तिकीट देतो ते टप्प्याप्रमाणे. तुम्ही स्थळ बघायला चाललाय, कोर्टाच्या तारखेला की भावाशी भांडायला, हे तो विचारत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनेही तेवढंच करावं: डेटा मोजावा आणि पोचवावा. एखादी साइट अडवू नये, मुद्दाम हळू करू नये, आणि पैसे घेऊन दुसरीला पुढे काढू नये. मराठीत याला ‘नेट समानता’ म्हणतात, ‘इंटरनेट तटस्थता’ही म्हणतात. बोलताना सगळे नेट न्यूट्रॅलिटीच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवला आहे.

मग महाग पॅक आणि स्वस्त पॅक हा भेदभाव नाही का?

नाही. साधी गाडी आहे, शिवशाही आहे, शिवनेरी आहे. जास्त वेगाला जास्त पैसे घ्यायला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती एकाच गाडीतल्या दोन प्रवाशांना ते कुठे चाललेत हे पाहून वेगळा दर लावायला.

पण एसटीत सवलती असतातच की! बायकांना अर्धं तिकीट आहे.

हा प्रश्न मला एका कॉलेजातल्या मुलीने विचारला होता आणि मला तो फार आवडला, कारण सगळा वाद त्यात आहे.

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं भाडं आहे. त्याआधीच्या वर्षी पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला. या सवलती प्रवाशाला आहेत, गावाला नाहीत. अर्ध्या तिकिटावर बाई साताऱ्याला जाईल किंवा सोलापूरला, तिची मर्जी. ‘साताऱ्याला फुकट, बाकी सगळीकडे पूर्ण भाडं’ अशी पाटी लागली तर ती सवलत राहत नाही. मग प्रश्न पडतो की साताराच का, आणि तो कुणी ठरवला? इंटरनेटमध्ये या प्रकाराला झिरो रेटिंग म्हणतात: ठरावीक साइटी किंवा ॲप वापरली तर डेटा कापला जात नाही. गरीब माणसाला महिन्याला अमुक इतका डेटा फुकट द्या, तो कुठेही वापरू दे, याला नेट न्यूट्रॅलिटीवाल्यांचा विरोध नव्हता. उलट डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा मोफत द्यावा अशी शिफारसच केली होती. त्या शंभर एमबीसोबत साइटींची यादी नव्हती.

हा शब्द आला कुठून?

टिम वू या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ मध्ये एका लेखात तो वापरला. चार वर्षांनी, २००७ मध्ये, कॉमकास्ट ही तिथली मोठी केबल कंपनी ग्राहकांचं बिटटोरंट, म्हणजे आपसात फायली वाटून घ्यायची सोय, गुपचूप मंदावते आहे हे उघड झालं आणि विद्वानांच्या लेखातली कल्पना घराघरातल्या तक्रारीत बदलली. कायदा करणारा पहिला देश मात्र अमेरिका नव्हे, चिली. साल २०१०.

भारतात हे कधी सुरू झालं?

डिसेंबर २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात. स्काइप-व्हायबरसारख्या ॲपवरून कॉल करायचे असतील तर वेगळे पैसे भरा, असं एअरटेलने जाहीर केलं. लोक भडकले, आणि काही दिवसांत कंपनीने ते मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने या विषयावर चर्चेसाठी एक कागद काढला. ११८ पानं, इंग्रजीत, शेवटी वीस प्रश्न. सामान्य माणूस तो वाचेल याची शक्यता शून्य होती. पण काही पत्रकार, वकील आणि प्रोग्रामर यांनी मिळून ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाची साइट उभी केली, प्रश्नांची उत्तरं सोप्या भाषेत तयार ठेवली आणि एका बटणावर ट्रायला ईमेल जाईल अशी सोय केली. विनोदी कलाकारांच्या एका गटाचा व्हिडिओ त्याच सुमारास पसरला. दहा लाखांहून जास्त ईमेल गेले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअरटेलने ‘एअरटेल झिरो’ आणलं. ग्राहकाचे डेटाचे पैसे ॲपवाली कंपनी भरणार. रात्रीची लक्झरी ठरलेल्याच ढाब्यावर का थांबते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही योजना समजावून सांगावी लागत नाही. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं. टीकेनंतर आठवडाभरात ते बाहेर पडलं.

ट्रायने पुढे ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट आपल्या साइटवर टाकले, तो किस्सा शेवटच्या प्रश्नात येईल.

फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ तर गरिबांसाठी फुकट होतं. त्याला एवढा विरोध का झाला?

आधी एक गोष्ट, जी बहुतेक मराठी वाचक विसरले आहेत: ही योजना आपल्या दारातूनच भारतात आली. तेव्हा तिचं नाव ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती सहा राज्यांत सुरू झाली आणि त्यांत महाराष्ट्र होता. इंग्रजीखेरीज सहा भारतीय भाषा होत्या, त्यांत मराठी होती. भागीदार कंपनी होती रिलायन्स कम्युनिकेशन्स, म्हणजे अनिल अंबानींची. जिओ नव्हे, जिओ अजून यायचं होतं.

तीस-चाळीस साइटी फुकट. हवामान, नोकऱ्या, क्रिकेट, विकिपीडिया, काही बातम्या, आणि अर्थातच फेसबुक. व्हिडिओ नाही, कॉल नाही, जड फोटो नाहीत. यादीत यायचं असेल तर फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळून त्यांच्याकडे अर्ज करायचा. वाचणाऱ्याचा सगळा डेटा फेसबुकच्या सर्व्हरमधून फिरून जाणार.

आता स्वतःला त्या वेळच्या एखाद्या तालुक्याच्या गावात बसवा. तुम्ही बाजारसमितीचे भाव रोज टाकणारी छोटी साइट चालवता, किंवा दिवाळी अंक ऑनलाइन आणलाय, किंवा जिल्ह्यापुरती बातम्यांची साइट काढलीय. साइट बनवायला एक मुलगा आहे आणि तोही बारावीच्या परीक्षेला बसलाय. तुमच्या गावातला शेतकरी फुकटचं इंटरनेट उघडतो. त्यात मोठ्या वृत्तसमूहांच्या बातम्या आहेत, तुमची साइट नाही. ती बघायची तर त्याला दहा रुपयांचा पॅक मारावा लागेल. तुमची साइट कुणी बंद केलेली नाही. ती फक्त यादीत नाही. ती उघडायला पैसे लागतात आणि शेजारची फुकट आहे, एवढ्यानेच तुमचं दुकान बसतं.

माझ्या मते मूळ मुद्दा हाच होता, आणि आजही आहे: यादी कोण करणार? यादी चांगली आहे की वाईट, हे नंतरचं. विकिपीडिया असलेली यादी वाईट कशी म्हणायची? पण ज्याच्या हातात यादी आहे तो उद्या तीत काय घालेल आणि काय काढेल, यावर तुमचा-माझा काही अधिकार नाही.

एप्रिलमधल्या गदारोळात क्लिअरट्रिप आणि एनडीटीव्ही यादीतून स्वतःहून बाहेर पडले. सप्टेंबरमध्ये योजनेचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. डिसेंबरमध्ये ट्रायने दुसरा चर्चेचा कागद काढला, या वेळी फक्त डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल. मग फेसबुकने आपल्याच वापरकर्त्यांना ‘फ्री बेसिक्स वाचवा’ असे तयार मजकूर पाठवायला लावले, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि झुकेरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. ट्रायची अडचण अशी झाली की त्या तयार मजकुरात, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती. परीक्षेत प्रश्न सोडून ‘मला पास करा’ लिहिल्यासारखं.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम जाहीर केला, आणि तीन दिवसांनी फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळलं. मधल्या काळात फेसबुकच्या संचालक मंडळावरच्या मार्क अँड्रीसनने ट्विट केलं की वसाहतवादाला विरोध करूनच भारताचं आर्थिक वाटोळं झालं, आता तरी का थांबावं. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. जे काम दहा लाख ईमेलना जमलं नसतं ते त्या एका ट्विटने केलं.

विरोध करणारे सगळे शहरातले, आधीच नेट असलेले. गरिबाच्या तोंडचा घास त्यांनी काढला, हे खरं नाही का?

यातलं अर्धं खरं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. ईमेल पाठवणाऱ्यांत धडगाव-अक्कलकुवा किंवा मेळघाटातले लोक जवळपास नसणार. ज्याला काहीच मिळत नाही त्याला थोडं मिळतंय, आणि तुम्ही तत्त्वासाठी तेही नाकारता, हा आक्षेप गंभीर होता. मलाही तेव्हा झोपताना छळायचा.

पण दोन गोष्टी बघा. फ्री बेसिक्स वापरायला रिलायन्सचं सिम लागायचं, टॉवर लागायचा, फोन लागायचा. जिथे टॉवरच नाही तिथे यादी फुकट असूनही काही उपयोग नव्हता. दुसरी गोष्ट, पुढे काय झालं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट वाटला. त्यामागे व्यापारी गणित होतं, दानधर्म नव्हता, आणि त्या गणिताचे इतर कंपन्यांवर झालेले परिणाम हा वेगळा विषय. पण वाटलं ते आख्खं इंटरनेट होतं. नियमामुळेच जिओने असं केलं, असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणेन की ‘यादी नाही तर काहीच नाही’ ही जी दोनच पर्यायांची मांडणी होती, ती सात महिन्यांत खोटी ठरली.

२०१६ च्या नियमात नेमकं काय आहे?

साइट किंवा ॲप बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. (मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे चहापाणी, पण नियमाचा धाक दंडापेक्षा बदनामीचा जास्त आहे.) पूर किंवा मोठ्या संकटात आणीबाणीच्या सेवांसाठी दर कमी करता येतात, पण सात कामकाजी दिवसांत ट्रायला कळवावं लागतं. कंपनीच्या अंतर्गत बंद जाळ्याला नियम लागू नाही, मात्र नियम चुकवण्यासाठी ते जाळं वापरलं तर लागू होतो.

विकिपीडिया फुकट दिला तर काय बिघडलं असतं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची ‘विकिपीडिया झिरो’ नावाची योजना २०१२ ते २०१८ चालली. अनेक गरीब देशांत मोबाइल कंपन्या विकिपीडियाचा डेटा कापत नसत. भारतात एअरसेलने ही सोय दिली होती. जाहिराती नाहीत, नफा नाही, मराठी विकिपीडियाही त्यात. याला नाही म्हणायला जीभ जड होते.

अंगोलात काय झालं ते मजेशीर आहे. तिथे विकिपीडिया आणि फेसबुक फुकट, बाकी नेट महाग. तर लोकांनी विकिमीडियाच्या भांडारात चित्रांच्या फायलींमध्ये लपवून सिनेमे चढवले आणि फेसबुकच्या गटांत त्यांचे पत्ते वाटले. स्वयंसेवक संपादक हैराण झाले. मला त्यात चोरीपेक्षा दुसरं काही दिसतं: लोकांना यादी नको होती, इंटरनेट हवं होतं, आणि यादीतल्या ज्ञानकोशाला भोक पाडून त्यांनी ते काढलं.

२०१६ च्या नियमाने चांगल्या-वाईट सगळ्याच याद्या बंद केल्या. विकिपीडियाला अपवाद करा म्हटलं की अपवाद कुणी ठरवायचा, हा प्रश्न पुन्हा दारात. मी नियमाच्या बाजूने आहे, पण विकिपीडियापुरतं थोडं वाईट वाटतं हेही खरं.

मग २०१८ मध्ये काय नवीन आलं?

२०१६ चा नियम फक्त दराबद्दल होता. अडवणं, हळू करणं, पैसे घेऊन पुढे काढणं याबद्दल ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या. सरकारने त्या जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या आणि कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत घातल्या. म्हणजे भारतात हे तत्त्व आलं ते परवान्याच्या कागदातून. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या ‘विशेष सेवा’ त्यातून वगळल्या आहेत. जाळ्यावर गर्दी झाली तर वाहतूक आवरायची मुभा आहे, पण वाजवी आणि सगळ्यांना सारखी.

माझ्या रिचार्जसोबत ओटीटी फुकट मिळतं. हा भंग आहे का?

साधारणपणे नाही. तुम्हाला मिळतं ते वर्गणी. सिनेमा बघताना डेटा तुमच्याच पॅकमधून कापला जातो, इतर कुठल्याही साइटइतकाच. ‘अमुक ॲपवर बघितलं तर डेटाच कापणार नाही’ असं असेल तर मात्र कान टवकारा.

माझा व्हिडिओ सारखा अडकतो. कंपनी मुद्दाम करते का?

बहुतेक वेळा नाही. लोकप्रिय व्हिडिओच्या प्रती गूगल, नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या इंटरनेट पुरवणाऱ्याच्याच इमारतीत यंत्रं ठेवून साठवतात. म्हणून यूट्यूब पळतं आणि परदेशातल्या सर्व्हरवर ठेवलेली तुमच्या मित्राची छोटी साइट रखडते. ती बिचारी वर्सोव्याला समुद्राखालून येणाऱ्या केबलीतून येत असते. यात कुणाची बदमाशी नाही, पण पैसेवाल्याची साइट जवळ आणि बाकीच्यांची लांब, हा फरक नियमांच्या बाहेर राहिलेला आहे हे ध्यानात ठेवा.

संशय असेल तर एकच गोष्ट साध्या जोडणीवर आणि व्हीपीएन लावून बघा. व्हीपीएन लावल्यावर, म्हणजे कंपनीला तुम्ही काय बघताय हे दिसेनासं झाल्यावर, तीच गोष्ट जोरात धावायला लागली आणि दर वेळी तसंच होत असेल, तर पाणी मुरतंय. नुसत्या स्पीड टेस्टवर विश्वास ठेवू नका. तिचा सर्व्हर अनेकदा कंपनीच्या अंगणातच असतो. आमच्या केबलवाल्याकडे मी तक्रार केली की तो पहिल्यांदा स्पीड टेस्टच दाखवतो, शंभरचा काटा, आणि खाली वृत्तपत्राचं पान फिरत असतं.

तक्रार आधी कंपनीकडे करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे थेट पाठवून महिने घालवू नका.

अमेरिकेत तर हे सगळं रद्द झालं ना?

झालं, आलं, पुन्हा गेलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने कडक नियम केले. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच आयोगाने, अजित पै अध्यक्ष असताना, ते रद्द केले. एप्रिल २०२४ मध्ये परत आणले. २ जानेवारी २०२५ ला अपील न्यायालयाने ते उडवले: असा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेलाच नाही, असं न्यायालय म्हणालं. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा २०१८ चा कायदा मात्र उभा राहिला. युरोपात २०१६ पासून नियम लागू आहेत आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काही झिरो रेटिंग योजना त्या नियमांत बसत नाहीत असा निकाल दिला. म्हणजे आपण २०१६ मध्ये जिथे पोचलो तिथे ते पाच वर्षांनी आले. आपल्याकडे असं क्वचित घडतं, म्हणून नमूद केलं.

‘फेअर शेअर’ म्हणजे काय?

मोबाइल कंपन्यांचं म्हणणं असं: यूट्यूब, नेटफ्लिक्स, व्हॉट्सॲप आमच्या जाळ्यावर एवढी वाहतूक टाकतात, जाळ्याचा खर्च आम्ही करतो, तर त्यांनी वाटा द्यावा. भारतातही मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये ही मागणी लावून धरली.

ऐकायला रास्त वाटतं. पण वाहतूक ‘टाकतं’ कोण? व्हिडिओ मी मागवला, माझ्या पॅकमधून मागवला, त्याचे पैसे मी भरले. एकाच पार्सलचं भाडं पाठवणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, दोघांकडून घ्यायची ही इच्छा आहे. दक्षिण कोरियाने ही वाट चालून पाहिली. जाळ्याची फी परवडत नाही म्हणून ट्विच ही गेम दाखवणारी सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून निघून गेली. इतर बहुतेक देशांच्या दहापट खर्च येतो, असं तिच्या प्रमुखाने सांगितलं होतं. ट्विच ॲमेझॉनचं आहे. ॲमेझॉनला परवडलं नाही तिथे कोल्हापुरातल्या कुस्तीचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या पोरांनी काय करायचं?

५जी आल्यावर नेट न्यूट्रॅलिटी जुनी झाली, असं म्हणतात.

५जीमध्ये एकाच जाळ्याचे कप्पे पाडता येतात, एक कप्पा कारखान्यासाठी, एक रुग्णवाहिकेसाठी. त्यातून ‘जास्त पैसे देणाऱ्याचा कप्पा’ किती लांब आहे, हा प्रश्न खरा आहे. जास्त बिल भरणाऱ्यांना ४जीवर अग्रक्रम देणाऱ्या एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाच्या योजना ट्रायने जुलै २०२० मध्ये रोखल्या होत्या, प्रकरण लवादापर्यंत गेलं. पुढचे वाद याच दिशेने येणार.

सरकार नेट बंद करतं किंवा साइट ब्लॉक करतं, तेही उल्लंघनच ना?

कायद्याच्या भाषेत नाही. परवान्याची अट कंपनीला बांधते, आणि सरकारी आदेशाने केलेली बंदी तीत अपवाद आहे. पण मी इथे कायद्याच्या भाषेत थांबणार नाही.

५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमधलं इंटरनेट बंद झालं. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावे लागतील असं सांगितलं. त्यानंतर नेट परत आलं ते कसं? २५ जानेवारीपासून मोबाइलवर २जी, आणि सरकारने मंजूर केलेल्या ३०१ साइटी. आठवडाभर आधीच्या यादीत १५३ होत्या. बँका होत्या, प्रवासाच्या साइटी होत्या, बातम्यांच्या काही होत्या. समाजमाध्यमं नव्हती. ४ मार्चला यादी गेली, पण ४जी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष.

फ्री बेसिक्सला विरोध करताना आम्ही म्हणत होतो की यादीचं इंटरनेट हे इंटरनेट नव्हे. चार वर्षांनी यादीचं इंटरनेट देशात आलं, आणि ते कंपनीने आणलं नव्हतं. त्या वेळी पुण्या-मुंबईतून दहा लाख ईमेल गेले नाहीत. मीही पाठवला नव्हता.

२०२३ मध्ये ट्रायने आणखी एक चर्चेचा कागद काढला. त्यात एक प्रश्न असा होता: गडबडीच्या काळात आख्खं नेट बंद करण्याऐवजी काही ठरावीक ॲपच बंद करता येतील का? ही कल्पना त्याआधी संसदीय समितीनेही मांडली होती. आख्खं बंद करण्यापेक्षा ते बरं, असं पटकन वाटतं. पण निवडक बंदीचं यंत्र एकदा जाळ्यात बसलं की ते चालवणारा हात बदलत राहतो.

गावात रेंजच नाही. मग समानता कसली घेऊन बसलात?

बरोबर आहे. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली पोरं रेंजसाठी टेकडीवर झोपडी बांधून अभ्यास करत होती, तेव्हा त्यांना फ्री बेसिक्सशी काही देणंघेणं नव्हतं. अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना २०११ मध्ये ठरली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. आपल्याकडे तिचा राज्यातला भाग म्हणजे महानेट. फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येतं. तिथून घरापर्यंतचं शेवटचं अंतर कुणाचं, यावर सगळं अडतं. मध्येच रस्तारुंदीचा जेसीबी येऊन केबल तोडून जातो ते वेगळंच.

हा प्रश्न नेट न्यूट्रॅलिटीचा पर्याय नाही, तिच्या आधीचा आहे. एसटी गावात येतच नसेल तर तिकीट समान असून काय करायचं? पण गाडी सुरू करताना ‘ही फक्त अमुक चार गावांनाच जाईल, नाहीतरी तुम्हाला काहीच नव्हतं’ असं कुणी म्हणालं, तर रेंज नसलेल्या माणसानेही हरकत घ्यावी असं मला वाटतं.

मला स्वतःचं मत ट्रायला कळवता येतं का?

येतं, कुणालाही येतं. ट्राय आधी चर्चेचा कागद काढतं, त्यावर ठरावीक मुदतीत लेखी मतं मागवतं, मग इतरांच्या मतांवर प्रतिमतं, मग खुली चर्चा, आणि शेवटी शिफारस किंवा नियम. विचारलेल्या प्रश्नांच्या क्रमानेच उत्तरं लिहा. तुमच्या गावातलं, तुमच्या धंद्यातलं खरं उदाहरण द्या. तयार मजकुरापेक्षा अशी दोन पानं जास्त वाचली जातात.

आणि ईमेलचा पत्ता जपून निवडा. २७ एप्रिल २०१५ ला ट्रायने ते दहा लाख ईमेल, पाठवणाऱ्यांची नावं आणि पत्ते न झाकता, आपल्या साइटवर टाकले. साइट बराच वेळ बंद पडली, पण पत्ते तोवर बाहेर गेलेच होते. माझाही त्यात होता. त्या पत्त्यावर अजून रोज कुणीतरी मला कर्ज देऊ करतं.